दहावीनंतरचीं सहा वर्षें

कांहीं गांवांना नदीनें नांव दिलें, कांहींना देवस्थानानें. लासूर स्टेशनाला तें आगगाडीनें दिलें. मनमाडहून निघालेली गाडी रोटेगांव, परसोडा, करंजगांव अशीं लहान लहान स्थानकें मागें टाकीत येथें थांबते आणि पुढें पोटूळ व दौलताबादवरून छत्रपति संभाजीनगरास जाते. हा मार्ग १९०० सालाच्या सुमारास निजामाच्या राज्यांत अरुंद रुळांचा म्हणून सुरू झाला, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुंद रुळांचा झाला. स्टेशनाभोवतीं पेठ वसली, पेठेंत कापूस आणि कांदा यांचा व्यापार वाढला, आणि यंत्र म्हणजे काय हें या गांवानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहिलें.

परंतु यंत्र पाहणें वेगळें आणि यंत्रविद्या शिकणें वेगळें. १९४८ सालापूर्वीं या भागांतील एखाद्या हुशार मुलास यंत्रविद्येची पदवी घ्यावीशी वाटली, तर त्याच्यापुढें याच रुळांच्या दोन दिशा होत्या. एक दिशा हैदराबादची. तेथें उस्मानिया विद्यापीठाचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ सालीं निघालें होतें, आणि त्या विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. दुसरी दिशा मनमाडवरून पुण्यामुंबईकडची. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ सालच्या एका यंत्रशाळेंत आहे, आणि मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे. कोणतीहि दिशा धरली तरी घर सोडणें अटळ होतें, आणि तें सर्वांना परवडणारें नव्हतें.

पुढें हें चित्र पालटलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं १९५५ सालीं शासकीय तंत्रनिकेतन आणि १९६० सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. त्यानंतर खाजगी महाविद्यालयें आलीं. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज कंपनीचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्याभोंवतीं सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. २००१ सालीं शेंद्र्यास मोटारींचा कारखाना आला. म्हणजे ज्या गंगापूर तालुक्यांत लासूर स्टेशन आहे, त्याच तालुक्याच्या हद्दीला लागून शिक्षण आणि काम अशीं दोन्ही उभीं राहिलीं. पूर्वीं प्रश्न होता, शिकावयास जावें कोठें? आतां प्रश्न आहे, शिकावें काय, आणि कोणत्या वाटेनें?

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षां सोपा आहे असा समज असेल, तर तो चुकीचा आहे. चार-पांच एकर कोरडवाहू जमीन, दोन मुलें आणि एका मुलाच्या हातांत दहावीची गुणपत्रिका, असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. शेजारी सांगतो, संगणकाशिवाय आतां तरणोपाय नाहीं. मामा सांगतो, मेकॅनिकल ही सदाबहार शाखा. शहरांतून आलेला एखादा गृहस्थ कोण्या महाविद्यालयाचें रंगीत माहितीपत्रक पुढें करतो. सल्ला सर्वांपाशीं असतो, परंतु तो चुकला तर किंमत एकट्या त्या घराला द्यावी लागते. आणि ती किंमत कधीं जमिनीच्या तुकड्याची, तर कधीं मुलाच्या उमेदीच्या वर्षांची असते. म्हणून या विषयांत उत्साहापेक्षां हिशेब अधिक उपयोगी पडतो.

पहिला हिशेब शाखांचा. मेकॅनिकल, म्हणजे यंत्र-अभियांत्रिकी, आणि प्रॉडक्शन किंवा मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे उत्पादन-अभियांत्रिकी, या दोन शाखांत नेमका भेद कोणता, हें पुष्कळदां प्रवेश घेणाऱ्यासहि ठाऊक नसतें. एक साधें उदाहरण घेतां येईल. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रांत एक दांडा मोकळेपणीं फिरावयाचा आहे. त्या दांड्यावर किती भार येईल, तो कोणत्या पोलादाचा असावा, पंचवीसच मिलिमीटर जाडी पुरेल काय, घर्षणानें तो तापेल काय, हे प्रश्न यंत्र-अभियंत्याचे. त्यासाठीं पदार्थांचें बल, उष्मागतिकी, द्रवांचें गतिशास्त्र, यंत्रांचे आराखडे असे विषय त्यानें शिकलेले असतात.

आराखडा कागदावर उतरला म्हणजे दुसऱ्याचें काम सुरू होतें. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें अशा जोडीचें एक रूढ माप असें आहे: छिद्र पंचवीस मिलिमीटरांहून अधिकांत अधिक २१ मायक्रॉन मोठें चालेल, त्याहून जास्त नाहीं, आणि दांडा कमींत कमी ७ व जास्तींत जास्त २० मायक्रॉन बारीक असला पाहिजे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. दोहोंमधील फट ७ मायक्रॉनांहून कमी नको आणि ४१ मायक्रॉनांहून अधिक नको. माणसाच्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. असा एक दांडा एखादा कसबी कारागीर दिवसभर बसून घडवील. परंतु असे हजार दांडे रोज, तेवढ्याच अचूकपणें आणि परवडेल अशा किंमतींत कसे निघतील? कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्रमानें, कोणत्या हत्यारानें, आणि हत्यार झिजूं लागलें हें कसें ओळखावें? हे प्रश्न उत्पादन-अभियंत्याचे. ओतकाम, घडाई, कर्तन, जिग आणि फिक्श्चर, मापनशास्त्र, गुणवत्तेचें नियंत्रण, संगणकानें चालणारीं यंत्रें, कारखान्याची मांडणी हे त्याचे विषय.

तथापि या दोन शाखांमध्यें भिंत नाहीं, कुंपण आहे. पहिलें वर्ष बहुतेक सारखेंच असतें. पुढील वर्षांतहि बरेच विषय समान असतात. आणि नोकरीच्या जाहिरातींत दोन्ही नांवें पुष्कळदां शेजारीं शेजारीं येतात. मेकॅनिकल सर्वत्र मिळतें. उत्पादन-अभियांत्रिकीच्या जागा मात्र थोड्या संस्थांत आहेत: पुण्याचें जुनें महाविद्यालय, जें २०२२ पासून विद्यापीठ झालें आहे, मुंबईची वीरमाता जिजाबाई संस्था, आणि मराठवाड्यापुरतें पाहिल्यास नांदेडची १९८१ सालीं निघालेली श्री गुरु गोविंदसिंहजी संस्था हीं त्यांतलीं ठळक नांवें. म्हणून घराजवळ राहून शिकावयाचें असल्यास मेकॅनिकल घ्यावें आणि वरच्या वर्गांतील ऐच्छिक विषय व अखेरचा प्रकल्प उत्पादनाकडे वळवावा, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. बी.ई. आणि बी.टेक. या दोन नांवांचीहि विनाकारण चर्चा होते. ज्या विद्यापीठाचा जसा शिरस्ता, तसें नांव. पदवीचा दर्जा दोहोंचा सारखाच.

दुसरा हिशेब वर्षांचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. दहावीनंतर पदवीस जाण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली वाट अकरावी-बारावी विज्ञानाची. पदार्थविज्ञान आणि गणित हे विषय घेऊन बारावी व्हावयाचें, राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावयाची, आणि मग चार वर्षांची पदवी. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीच्या गुणांवर पदविकेला प्रवेश, तीन वर्षांचीं सहा सत्रें, आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश. म्हणजे आणखी तीन वर्षें. बेरीज करून पाहावी. दोन अधिक चार सहा. तीन अधिक तीन सहा. दोन्ही वाटांनीं पदवी दहावीनंतर सहाव्या वर्षींच हातीं पडते. "पदविकेंत वर्ष वायां जातें" ही जी समजूत घरोघर आढळते, तिला आधार नाहीं.

भेद आहे तो मधल्या मुक्कामांत. पदविकेच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर हातांत एक असें प्रमाणपत्र येतें, कीं ज्यावर नोकरी मिळूं शकते. घरची परिस्थिति त्या वेळीं बिघडली, पीक गेलें, कर्त्या माणसाचें दुखणें निघालें, तर मुलगा तेथें थांबूं शकतो, कमावूं शकतो, आणि पुढें पुन्हा शिकूं शकतो. बारावीच्या वाटेवर असा धर्मशाळेचा मुक्काम नाहीं. तेथें मध्येंच उतरणाऱ्याच्या हातीं नुसती बारावी राहते. शिवाय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचा खर्च आणि त्या एका परीक्षेवरील सारी भिस्त, हेंहि त्या वाटेचें ओझें आहे.

परंतु पदविकेची बाजू मांडतांना तिचें उणें झांकणें योग्य नव्हे. पदविकेंत हात लवकर तयार होतो, पण गणित पातळ राहतें. असा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत बसतो, तेव्हां त्याच्या शेजारचा मुलगा बारावीचें आणि पहिल्या वर्षाचें कलनशास्त्र शिकून आलेला असतो. पहिल्या सत्रांतच गणिताचा तो डोंगर समोर येतो, आणि कित्येक चांगले मुलगे तेथें अडखळतात. तेव्हां पदविकेच्या शेवटच्या वर्षीं रोज तासभर गणितास द्यावा, हें या वाटेचें पथ्य आहे. ज्याला गणिताची मुळांत गोडी आहे आणि संशोधनाकडे किंवा उच्च शिक्षणाकडे ज्याचा ओढा आहे, त्याला बारावीची वाट अधिक मानवेल. ज्याला हत्यार हातीं घेतल्यावर विषय समजतो, त्याला पदविकेची.

याखेरीज एक तिसरी, लांबची पण भक्कम शिडी आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे आयटीआयमध्यें, फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट यांपैकीं एखादा दोन वर्षांचा व्यवसाय शिकावा. त्यावर पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. तेथें दोन वर्षें, आणि पुढें पदवीचीं तीन. एकंदर सात. म्हणजे इतरांपेक्षां एकच वर्ष अधिक. आणि त्या एका वर्षाच्या मोबदल्यांत लेथपासून आराखड्यापर्यंत प्रत्येक पायरीवर उभें राहण्याचा अनुभव. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्यें साचे व हत्यारें घडविण्याची दहावीनंतरची पदविकाहि आहे. ती चार वर्षांची असून तिच्यांतलें बरेंचसें शिक्षण प्रत्यक्ष यंत्रावर होतें. साचे घडविणारा कसबी माणूस ज्या कारखान्यास नको, असा कारखाना विरळा.

अलीकडे आणखी एक पदवी ऐकूं येते, ती बी.व्होक., म्हणजे व्यवसायशिक्षणाची पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ सालापासून तिला चालना दिली. बारावीनंतर तीन वर्षें. पहिल्या वर्षाअखेर पदविका, दुसऱ्या वर्षाअखेर प्रगत पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी. हिचें मर्म समजण्यासाठीं अमेरिकेकडे थोडें पाहावें लागतें. तेथें १९५५ सालीं ग्रिंटर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणांत शास्त्र व गणित यांचें वजन वाढलें. मग कारखान्याच्या जमिनीवर उभें राहून काम करणारा माणूस कोठून यावयाचा? ती पोकळी भरण्यासाठीं अभियांत्रिकी-तंत्रविद्या अशी निराळी चार वर्षांची पदवी तेथें वाढली. आजहि तेथें या दोन पदव्यांना मान्यता देणारीं मंडळें एकाच संस्थेंत, पण वेगवेगळीं आहेत. आणि तंत्रविद्येच्या पदवीधरास व्यावसायिक अभियंत्याचा परवाना कांहीं राज्यांत सहजासहजीं मिळत नाहीं.

आपल्याकडे ही विभागणी तितकी स्पष्ट झाली नाहीं, पण बी.व्होक. घेणाऱ्यानें तिच्यांतलें तात्पर्य ध्यानांत ठेवावें. कोणत्याहि शाखेचा पदवीधर चालेल अशा परीक्षांस ही पदवी चालते. परंतु जेथें अभियांत्रिकीचीच पदवी किंवा पदविका मागितली आहे, तेथें ती त्या जागीं उभी राहत नाहीं. कारखान्यांत लवकर काम मिळवावें, एवढाच हेतु असेल तर ती उपयुक्त. अभियंता म्हणून सरकारी नोकरी करावयाची असेल, तर ती वाट नव्हे. हें आरंभींच कळलें म्हणजे पुढें हळहळण्याची वेळ येत नाहीं.

कांहीं वाटा मात्र वाटाच नव्हेत, आणि त्यांविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. घरीं बसून पत्रद्वारें अभियांत्रिकीची पदवी मिळवून देऊं, असें सांगणारे लोक अजून भेटतात. नोव्हेंबर २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें तांत्रिक शिक्षण पत्रद्वारें देण्यास मनाई करणारा निकाल दिला आहे. त्याचप्रमाणें इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० सालीं स्थापन झालेल्या मान्यवर संस्थेची ए.एम.आय.ई. परीक्षा एके काळीं नोकरी करणाऱ्या गरीब होतकरूंचा मोठा आधार होती. परंतु ३१ मे २०१३ पर्यंत नांव नोंदविलेल्यांनाच तिची पदवीशीं समकक्षता लागू राहिली. जुन्या पिढींतील एखादे काका आपल्या अनुभवावरून तो मार्ग सुचवितील. त्यांचा अनुभव खरा असतो, पण काळ बदललेला असतो. नोकरी सांभाळून शिकूं इच्छिणाऱ्या पदविकाधारकांसाठीं २०२३ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें कांहीं महाविद्यालयांस सोयीच्या वेळीं वर्ग चालविण्याची मुभा दिली आहे. तोच आतांचा सरळ मार्ग.

तिसरा हिशेब पैशांचा. खाजगी महाविद्यालयाचें शुल्क त्या महाविद्यालयाच्या मर्जीवर नसतें. २०१५ सालच्या कायद्यानें स्थापन झालेलें शुल्क नियामक प्राधिकरण तें ठरवितें, आणि त्याहून अधिक मागणाऱ्याविरुद्ध दाद मागतां येते. प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेंतून घ्यावा. मधल्या माणसाची तेथें गरजच नसते. महाविद्यालय निवडतांना इमारत पाहूं नये, कार्यशाळा पाहावी. यंत्रांवर तेलाचा डाग आणि जमिनीवर लोखंडाचा कीस दिसतो काय, हें पाहावें. त्या विशिष्ट शाखेस राष्ट्रीय मानांकन मंडळाची मान्यता आहे काय, हें विचारावें. संस्था नामांकित असली तरी मान्यता शाखेगणिक मिळते. २०१४ सालापासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद असल्यामुळें अशा मान्यतेस परदेशांतहि वजन आलें आहे.

मुलींच्या बाबतींत हा हिशेब आणखी बदलला आहे. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें ठरविलें, कीं आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय गटांतील, ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे अशा मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणें माफ करावें. तेव्हां मुलाला अभियांत्रिकी आणि मुलीला जवळचें कोणतेंहि कॉलेज, ही वांटणी पैशांच्या नांवाखालीं आतां करतां येणार नाहीं. यंत्रशाळा हें मुलींचें स्थान नव्हे, असें कोणी म्हणेल. लीला पूनावाला यांनीं १९६७ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि पुढें त्या एका मोठ्या यंत्रनिर्मिति कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या काळीं जें एकीनें करून दाखविलें, तें आज अशक्य म्हणणें शोभत नाहीं.

शेवटीं पदवीचें खरें मोल काय, हा प्रश्न उरतोच; आणि त्याचें उत्तर मराठी माणसाच्या परिचयाच्या एकाच घराण्यांत सांपडतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशीं अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकला शिकतांना रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळून आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या त्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तो विषय शिकवूं लागले, बेळगांवीं सायकली विकल्या, लोखंडी नांगर घडविले आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं १९२६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात संस्थेची यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तो उद्योग एंजिनांपर्यंत नेला. पदवीवांचून कांहीं अडत नाहीं, असें सांगणारा बापाकडे बोट दाखवितो. पदवीवांचून गति नाहीं, असें सांगणारा मुलाकडे. परंतु बापाला पदवी नसली तरी रेखाटनाचें शास्त्र येत होतें, आणि मुलाला पदवी असली तरी कारखान्याची धूळ लहानपणापासून ठाऊक होती. दोघांपैकीं कोणाचेंहि ज्ञान एकांगी नव्हतें.

आज संगणकाच्या शाखांकडे लोंढा वाहत आहे, आणि गेल्या दशकांत यंत्र-अभियांत्रिकीच्या पुष्कळ जागा राज्यभर रिकाम्या राहिल्या आहेत. ज्या शाखेकडे गर्दी कमी, तेथें चांगल्या महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याची शक्यता अधिक, ही त्या घटनेची दुसरी बाजू आहे. मात्र रिकामी जागा दिसली म्हणून तिथें बसणें, हेंहि गर्दीमागें धांवण्याइतकेंच आंधळेपणाचें आहे. मुलानें सुटींत आठ दिवस एखाद्या ओळखीच्या कारखान्यांत उभें राहून पाहावें. तेथील आवाज, तेलाचा वास आणि मायक्रॉनांची कटकट त्याला कंटाळवाणी वाटली, तर दुसरी शाखा धरावी. वेळ कसा गेला हें कळलें नाहीं, तर मग वरीलपैकीं कोणतीहि वाट त्याला पुढें नेईल.

लासूर स्टेशनाच्या फलाटावर सकाळीं वह्या घेतलेलीं मुलें आणि डबे घेतलेले कामगार एकाच गाडीची वाट पाहत उभे असतात. दहावीनंतरचीं सहा वर्षें सार्थकीं लागावयाचीं, तर या दोन रांगांमधलें अंतर कमी झालें पाहिजे. वहीवाल्याला डब्याच्या कामाची ओळख हवी आणि डबेवाल्याला वहीची वाट उघडी हवी. जी पदवी हें साधील, ती कोणत्याहि नांवाची असो, घेण्याजोगी आहे.